फसवणुकीचा दिवाणी दावा: तीन वर्षे नक्की कुठून मोजायची?

२१ फेब्रुवारी २०२५ ला आम्ही आईचा दावा दाखल केला, तेव्हा मुदत संपायला सोळा दिवस उरले होते. त्याआधीची जवळजवळ तीन वर्षे तलाठी कार्यालय, मंडळ अधिकारी, पोलीस ठाणे आणि पाहुण्यांच्या बैठका यांतच गेली. मुदत चालू झाली आहे, हे यातल्या एकाही ठिकाणी कुणी सांगितलं नाही.

प्रकरण असं. २०१७ साली मामांनी आईला 'वारसनोंदीला सही लागते' म्हणून तालुक्याला नेलं. आई चौथी शिकलेली, त्यात सख्खा भाऊ. फोटो झाला, अंगठे झाले, सह्या झाल्या, येताना मामांनी साडीही घेऊन दिली. पुढे ९ मार्च २०२२ ला, आजोळच्या शिवारातून रस्ता जाणार अशी कुणकुण लागली म्हणून मी मोबाइलवर सातबारा उघडला. आईच्या नावाला कंस पडला होता, म्हणजे नाव कमी झालं होतं, आणि शेजारी एक फेरफार क्रमांक होता. फेरफार काढल्यावर कळलं की त्या दिवशी तालुक्याला झालं होतं ते हक्कसोडपत्र, आईने जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त.

मी वकील नाही. तुमच्या प्रकरणात शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचाच. पण त्यांच्याकडे जाण्याआधी काय ठरवायचं आणि काय गोळा करायचं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. मुदतीचे जवळजवळ सगळे नियम १९६३ च्या मुदत कायद्यात आहेत. कोर्टात सगळे त्याला 'लिमिटेशन ॲक्ट' म्हणतात.

१. आधी तुमचा दावा कोणत्या अनुच्छेदात बसतो ते पाहा

फसवणुकीच्या दाव्याला सरसकट एक मुदत नाही. तुम्ही कोर्टाकडे काय मागता, त्यावर ती ठरते. कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. त्यातले आपल्या कामाचे अनुच्छेद असे:

- फसवून करून घेतलेला दस्त, करार किंवा हुकूमनामा रद्द करून हवा: अनुच्छेद ५९, तीन वर्षे. रद्द करण्याचा हक्क देणारी हकीकत पहिल्यांदा कळल्यापासून.
- नोंदवलेला दस्तच बनावट आहे, सही तुमची नाहीच: अनुच्छेद ५६, तीन वर्षे. तो दस्त झाल्याचं किंवा नोंदल्याचं कळल्यापासून.
- तुमचा हक्क कोर्टाकडून नुसता ठरवून हवा: अनुच्छेद ५८, तीन वर्षे. दाव्याचा हक्क पहिल्यांदा उत्पन्न झाल्यापासून. 'पहिल्यांदा' हा शब्द लक्षात ठेवा, नंतर दर वेळी नवा अन्याय झाला म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही.
- मालकीच्या जोरावर जमिनीचा किंवा घराचा ताबा परत हवा: अनुच्छेद ६५, बारा वर्षे. समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून.
- तुम्ही अज्ञान (कायद्याने लहान वयाचे) असताना पालकाने तुमची मिळकत विकली: अनुच्छेद ६०, सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे.
- पैशाच्या फसवणुकीला वेगळा अनुच्छेद लागू होत नसेल तर अनुच्छेद ११३, तीन वर्षे.

ग्राहक आयोगाकडे जायचं असेल तर हा तक्ता विसरा. तिथे दोनच वर्षे मिळतात.

आता गावोगावचा सापळा. आम्हाला तिघांनी तरी सांगितलं, "जमिनीला बारा वर्षं असतात, कशाला घाई करता?" बारा वर्षे आहेत, पण ती मालकीवर ताबा मागणाऱ्याला. तुमच्या आणि ताब्याच्या मध्ये तुमच्याच सहीचा दस्त उभा असेल, तर तो आधी बाजूला सारावा लागतो आणि त्याला तीनच वर्षे आहेत. शेवटी 'ताबा मिळावा' असं लिहिलं म्हणून कोर्ट बारा वर्षे देत नाही. मूळ मागणी कोणती, ते पाहतं.

याला एक फाटा आहे. दस्त मुळातच शून्य (कायद्याच्या लेखी झालाच नाही असा) असेल तर तो रद्द करून घेण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. कागद कसला आहे याबद्दलच फसवलं असेल, म्हणजे वारसनोंद सांगून हक्कसोड करून घेतली असेल, तर दस्त शून्य. कागद कसला ते माहीत होतं, पण आतल्या मजकुराबद्दल फसवलं असेल, म्हणजे एक गट सांगून तीन गट घातले असतील, तर दस्त रद्द होण्याजोगा. आमचं प्रकरण पहिल्या जातीचं, असं आमच्या वकीलबाईंचं मत. तरीही त्यांनी तीन वर्षांच्या आतच दावा टाकायचा आग्रह धरला. "शून्य आहे हे मी म्हणते, कोर्टाने अजून म्हटलेलं नाही," हे त्यांचं वाक्य.

२. घड्याळ कधी सुरू झालं ते शोधा

सगळी लढाई इथे होते, म्हणून इथे जरा जास्त वेळ द्या.

फसवणूक झालेल्याचा आधार म्हणजे कलम १७. प्रतिवादीने किंवा त्याच्या माणसाने फसवलं असेल, तर ती फसवणूक उघड होईपर्यंत मुदत सुरू होत नाही. लोक इथवर वाचतात आणि निश्चिंत होतात. वाक्य पुढे चालू आहे: किंवा रास्त खबरदारी घेतली असती तर ज्या दिवशी उघड होऊ शकली असती, त्या दिवसापासून. म्हणजे कोर्ट दोन प्रश्न विचारतं. तुम्हाला कधी कळलं? आणि तुम्हाला कधी कळायला हवं होतं?

दुसऱ्या प्रश्नावर समोरचा वकील काय काय काढील, ते आधीच लिहून ठेवा. दस्त नोंदणीकृत होता, म्हणजे जगजाहीर. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) कुणालाही पाहता येतो. फेरफाराची नोटीस निघाली होती. सातबारा घरबसल्या दिसतो. त्या जमिनीचं पीक इतकी वर्षे कोण घेत होतं? आणि सही तर तुमचीच.

हे मुद्दे नुसते बोलण्यापुरते नसतात. सुरतेकडच्या एका जमिनीच्या खटल्यात खरेदीखत २ जुलै २००९ चं होतं. किंमत १ कोटी ७४ लाखांच्या वर, ती ३६ चेकनी द्यायची ठरलेली. विकणाऱ्यांचं म्हणणं असं की एकूण ४० हजारांचे सहा चेक सोडले तर काहीच मिळालं नाही. दावा टाकला डिसेंबर २०१४ मध्ये, इंडेक्सची नक्कल हाती आल्यावर आम्हाला कळलं, असं सांगून. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो दावा पुरावा घेण्याच्या आधीच, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली, फेटाळलेला कायम ठेवला. चेक वटले नाहीत हे तुम्हाला २००९ मध्येच ठाऊक होतं, असा त्याचा मथितार्थ.

दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०२४ आणि एप्रिल २०२५ च्या निकालांत त्याच न्यायालयाने म्हटलं की फसवणूक कधी कळली हा पुराव्याचा प्रश्न असेल, तर दावा दारातच अडवता येत नाही. कुठल्या रांगेत तुम्ही पडता, ते दाव्यात तुम्ही 'कळण्याची' हकीकत किती नेमकी लिहिता, यावर बरंचसं ठरतं.

आमच्यापुढचा प्रश्न फेरफाराच्या नोटिशीचा होता. नोटीस निघालीच नव्हती असं म्हणायचा आमचा विचार होता. नशीब, आधी नक्कल काढली. नोटीस निघाली होती आणि तिच्यावर पोच होती. फक्त पत्ता होता आईच्या माहेरचा, आणि 'मिळाली' म्हणून सही मामेभावाची. तीस वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या बाईची नोटीस माहेरी, तीही ज्याच्या घरात फायदा होणार त्याच्याच हातात! त्या एका कागदाने 'खबरदारी घेतली असती तर' या भागाला उत्तर दिलं. 'नोटीस नाहीच' असं लिहून बसलो असतो तर पहिल्याच तारखेला खोटे पडलो असतो.

साक्ष देणाऱ्याची तयारीही इथेच करा. १९६८ च्या एका गाजलेल्या निकालात बाईला नवऱ्याने फसवून बक्षीसपत्र करून घेतलं होतं, आणि फसवणूक कोर्टाने मानलीही. पण जास्तीच्या जमिनी दस्तात घातल्याचं दस्तानंतर थोड्याच दिवसांत कळलं होतं, असं बाईंनीच साक्षीत सांगून टाकलं. दावा मुदतबाह्य ठरला. खोटं शिकवा असं मी म्हणत नाही. पण 'मला तेव्हाच शंका आली होती' हे वाक्य आमच्याकडे बायका सवयीने म्हणतात. शंका येणं आणि कळणं यातला फरक आईला समजावून सांगायला मला दोन संध्याकाळ लागल्या.

३. शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा

ज्या दिवशी कळलं तो दिवस सोडून मोजायचं. आमची तारीख ९ मार्च २०२२, म्हणून शेवटचा दिवस ९ मार्च २०२५. तो निघाला रविवार. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर कलम ४ प्रमाणे उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. पण दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीवर हिशेब बेतू नका. सुट्टीतही काही कामकाज चालू असतं आणि त्यावरून उगाच वाद होतो.

एकाहून जास्त तारखा असतील तर सगळ्यात जुनी धरा. मी सातबारा पाहिला ९ मार्चला, दस्ताची नक्कल हाती आली ४ एप्रिलला. माझा हिशेब ४ एप्रिलपासून चालला होता. वकीलबाईंनी तो तिथेच खोडला: आईच्या नावाला कंस पडलेला पाहिला त्या दिवशीच कळलं.

उशीर झाला तर माफीचा अर्ज देऊ, असं कुणी म्हणालं तर थांबा. विलंबमाफीचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. एक दिवस उशीर झाला तरी दावा गेला. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरीही. कलम ३ प्रमाणे मुदतबाह्य दावा फेटाळणं कोर्टावरच बंधनकारक आहे.

४. ज्यांनी घड्याळ थांबत नाही

आमची तीन वर्षे खाल्ली ती याच गोष्टींनी.

फेरफाराविरुद्धची तक्रार आणि अपील. मंडळ अधिकारी, तहसीलदार, मग प्रांत. हे सगळं महसुली नोंदीपुरतं असतं, मालकी तिथे ठरत नाही. आमच्या प्रकरणात चौदा महिन्यांनी आदेश आला, त्यात शेवटची ओळ: पक्षकारांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. कलम १४ खाली चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वजा होऊ शकतो हे खरं, पण त्याच्या अटी कडक आहेत आणि महसुली सुनावणी त्यात बसेलच असं धरून चालू नका. अपील करायचंच तर करा, पण दावा बाजूला ठेवून नको.

पोलीस तक्रार. गुन्हा नोंदला गेला तरी दिवाणी मुदत चालूच राहते. 'हा दिवाणी वाद आहे' असं उत्तर मिळायलाच आम्हाला सात महिने लागले.

वकिलाची नोटीस. ती पाठवा, पण तिने एक दिवसही वाढत नाही. अपवाद सरकारचा. दाव्यात शासनाला पक्षकार करायचं असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते आणि तो काळ वजा होतो.

बैठका. "घरातली गोष्ट आहे, लग्न होऊ द्या, मग देतो तुझा हिस्सा." मामांनी हे तोंडी म्हटलं, तीन वेळा. पैशाच्या येण्यात मुदत संपण्याआधी कबुली मिळाली तर कलम १८ प्रमाणे नवी मुदत सुरू होते, पण ती लेखी आणि सही केलेली हवी. तोंडी शब्दाचा काही उपयोग नाही.

तुम्ही परदेशात असणं. दुबईत नाहीतर टोरांटोत बसून 'सुट्टीला आलो की बघतो' म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. फसवला गेलेला परदेशात आहे म्हणून मुदत थांबत नाही. उलट प्रतिवादी भारताबाहेर असेल, तर तो काळ कलम १५ खाली वगळला जातो. तिकडूनच मुखत्यारपत्र करा, ते वकिलातीतून साक्षांकित किंवा अपॉस्टिल (त्या देशाच्या सरकारचं प्रमाणन) करून पाठवा आणि राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावून घ्या.

५. जे दिवस वजा होतात

वर आले ते सोडून दोनच सांगण्यासारखे. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा करोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीतून वगळलेला आहे. २०१९-२० च्या सुमाराला कळलं असेल तर हिशेब नव्याने मांडून पाहा. आणि फसवणूक कळली तेव्हा फसवला गेलेला अज्ञान किंवा वेडसर असेल, तर कलम ६ पाहा. मात्र घड्याळ एकदा सुरू झाल्यावर आलेलं आजारपण मुदत थांबवत नाही.

गोव्याच्या वाचकांना एक टीप. पोर्तुगीज नागरी संहितेतल्या मुदतीच्या तरतुदी त्या संहितेतून उद्भवणाऱ्या बाबींना लागू राहू शकतात. वारसाच्या वगैरे प्रकरणात वरचा तक्ता तसाच्या तसा लावू नका, तिथल्याच वकिलांना विचारा.

६. कागद गोळा करा

वकिलांकडे जाताना ही पिशवी घेऊन जा:

- वादातल्या दस्ताची दुय्यम निबंधकाकडची प्रमाणित नक्कल, सोबत इंडेक्स टू. दस्त क्रमांक माहीत नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गट क्रमांकावरून शोधता येतो.
- सातबारा, आठ अ, आणि शक्य तितके जुने सातबारे.
- संबंधित फेरफाराची नक्कल, आणि फेरफाराच्या नोटिशीची पोच असलेली प्रत. ही वेगळी मागावी लागते, फेरफारासोबत आपोआप मिळत नाही.
- कळल्याच्या तारखेचा पुरावा. ऑनलाइन काढलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर छापलेली तारीख, नकलेच्या अर्जाची पावती, त्या दिवसाचे संदेश.
- पैशाचा व्यवहार असेल तर बँकेचे उतारे. मोबदला दाखवलाय पण मिळाला नाही, हे यातूनच दिसतं.
- फसवला गेलेल्याचं शिक्षण, वय, दृष्टी, आजार यांचे कागद. आईचा शाळेचा दाखला मिळवायला मला तीन खेपा पडल्या, पण तो लागला.
- आतापर्यंत केलेले सगळे अर्ज, तक्रारी, आदेश. यातल्या एखाद्यात तुम्हीच आधीची तारीख लिहून बसला असाल तर ती वकिलांना आधी दाखवा.

शेवटचं वाक्य अनुभवातून. आमच्या पोलीस तक्रारीत, लिहून देणाऱ्याने भरीला म्हणून, 'गेल्या अनेक वर्षांपासून फसवणूक चालू आहे' असं घातलं होतं. कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, प्रतिवादीने नेमकं तेच उचललं.

७. दाव्यात काय यायलाच हवं

मसुदा वकील करतात, पण वाचा तुम्ही. 'प्रतिवादीने फसवणूक केली' एवढ्यावर भागत नाही. ऑर्डर ६ नियम ४ प्रमाणे कुणी, केव्हा, कुठे, काय खोटं सांगितलं, याचा तारखांसह तपशील लागतो. मुदतीत सवलत मागत असाल तर तिचं कारणही दाव्यातच लिहावं लागतं, तो ऑर्डर ७ नियम ६.

आमच्या पहिल्या मसुद्यात छापील वाक्य होतं: 'दाव्यास कारण अलीकडे घडले असून दावा मुदतीत आहे.' ते काढून आम्ही दीड पान लिहिलं. सातबारा कुणी काढला, का काढला, तोवर आईला का कळलं नाही, दर वर्षी दिवाळीला मामा धान्याचं पोतं कसं पाठवत राहिले (म्हणजे हिस्सा कायम आहे असंच आईला वाटत राहिलं), नोटीस कुणी घेतली.

आणि सगळे प्रतिवादी पहिल्याच दिवशी घाला. मागाहून कुणाला जोडलं तर कलम २१ प्रमाणे त्याच्यापुरता दावा जोडल्याच्या दिवशी दाखल झाला असं साधारणपणे धरतात, आणि तोवर तीन वर्षे उलटली असतील तर तो सुटला. मामांनी मधल्या काळात एक गट परक्याला विकल्याचं आम्हाला ई-सर्चमध्ये दिसलं, म्हणून तो खरेदीदार आत आला. फसवणुकीची माहिती नसताना, मोल देऊन घेतलेल्या खरेदीदाराला कलम १७ मध्ये संरक्षण आहे. म्हणून पुढची विक्री थांबवण्यासाठी निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दाव्यासोबतच द्या, आणि लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवण्याबद्दल वकिलांना विचारा.

८. दाखल करताना

कोर्ट फी पूर्ण जमली नाही म्हणून दावा घरी ठेवू नका. कमी पडलेली फी भरायला कोर्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली वेळ देऊ शकतं, गेलेली मुदत मात्र परत देऊ शकत नाही. महिलांना काही प्रकारच्या दाव्यांत फी माफ आहे, ती तुम्हाला लागू होते का तेही विचारून घ्या.

दाखल करायला निदान पंधरा दिवस हाताशी ठेवा. आमचा दावा तपासणीत दोनदा परत आला. एकदा सत्यापनावर आईची सही एका पानावर राहिली म्हणून, एकदा प्रतिवादींच्या पत्त्यात पिनकोड नव्हता म्हणून. दाखल केल्याची तारीख पडलेली पोच मागून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. दाव्याला नंबर पडला की अक्षरं आणि अंक मिळून सोळा खुणांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढच्या तारखा घरी दिसतात. आमच्या दाव्यात आता मुद्दे निघाले आहेत. पहिला मुद्दा: 'दावा मुदतीत आहे काय?' पुढच्या तारखेला आईची सरतपासणी, म्हणजे आमच्या बाजूने मुख्य साक्ष, आहे. दिवाळीच्या धान्याच्या पोत्यांबद्दल काय सांगायचं, ते तिने वहीत लिहून ठेवलंय.